अण्णांचा पुस्तकाबाहेरचा धडा

घोडं खाल्लेला मास्तर बघायचा असेल तर आमच्या शाळेत या, असं गावातली पोरं पाहुण्यांना सांगत. आणि पाहुणे खरोखर येत. निपाणीच्या बाजाराला आलेला कुणाचा मेव्हणा, कुणाचा साडू खिडकीच्या गजांतून आत डोकवायचा. आत काळा कोट, आखूड धोतर आणि टक्कल असलेला एक किडकिडीत माणूस फळ्यावर अपूर्णांक मांडत उभा असायचा. बघणाऱ्याची अगदी निराशा व्हायची. एकदा अण्णांनी गणित थांबवून अशा एकाला विचारलं, "बगून झालं? शिंगं न्हाईत. चला, फुडं व्हा."

घोडं त्यांनी खाल्लं होतं हे मात्र खरं. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याला गेले होते. तिथून वर नदीकाठच्या एका गावात आपली फौज वेढ्यात सापडली, दाणागोटा संपला आणि घोडी कापायची वेळ आली. परत आल्यावर गावानं विचारलं. दुसरा कोणी असता तर "छे, छे, उपाशी राहिलो पण शिवलो नाही" असं म्हणून मोकळा झाला असता. हे म्हणाले, "खाल्लं. नीट शिजलं न्हवतं." झालं, वर्षभर त्यांना कुणी पंगतीला बोलावलं नाही. ह्याचं त्यांना काही वाटल्याचं मी कधी पाहिलं नाही. विचारलेल्याचं खरं उत्तर द्यायचं, एवढंच त्यांना येतं, अशी माझी पक्की समजूत होती. ती पुढे कशी मोडली, तेच सांगायला बसले आहे.

मी मूळची बेळगावची. बाविसाव्या वर्षी नवरा गेला. मामानं डोकं चालवून ट्रेनिंग कॉलेजात घातलं आणि लोकल बोर्डानं मला निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या ह्या गावात आणून टाकलं. टाकलं हाच शब्द बरोबर आहे. तंबाखूच्या दिवसांत ते अख्खं गाव शिंकत असे, देवळातला घंटा वाजवणारासुद्धा. बाईमाणूस शाळेत शिकवणार हे गावाला काही रुचलं नव्हतं. पहिल्या दिवशी माझ्याशी माणसासारखं बोलले ते एकटे अण्णा. वयानं माझ्या वडिलांच्या जवळपासचे, पण मला आक्का म्हणायचे. म्हणाले, "आक्का, बिगरी तुमच्याकडं. साठ पोरं हाईत. चाळीस रडत्यात आणि इस रडिवत्यात. रडिवणाऱ्यास्नी खिडकीजवळ बशीवू नका, पळून जात्यात."

चौथी त्यांच्याकडे. चौथीचा वर्ग आणि माझी बिगरी ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती, बांबूचा तट्ट्या होता. त्यामुळे वर्षाकाठी माझीही चौथी पुरी व्हायची. अण्णांचं एक वाक्य दिवसातून दहादा तट्ट्यापलीकडून ऐकू यायचं: "पाठ न्हाय ते आपलं न्हाय." सगळं पाठ. पावकी-निमकी तर सगळेच घोकून घेतात, पण हे नद्या, तालुके, मराठ्यांच्या लढाया, दात कसे घासावेत, पावती कशी लिहावी, सगळं पाढ्यांच्या चालीवर बसवायचे. पोरं मांडी घालून मागेपुढे डुलत म्हणायची. परसातला कामकरी तंबाखू झोडता झोडता त्या तालावर हात चालवायचा, इतकी ती चाल गावात मुरली होती. मी हसायचे, पण त्यांची पोरं सातवी फायनलला धडाधड पास व्हायची, त्यामुळे हसू आतल्या आत ठेवायचे.

माझ्या पहिल्याच वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली आणि एका दुपारी तट्ट्यापलीकडून अण्णांचा आवाज बदललेला ऐकला. एरवी ते गावच्या बोलीत शिकवायचे. त्या दिवशी पुस्तकी बोलत होते, सावकाश, एकेक शब्द तोलून.

"मुलांनो, आज पुस्तकाबाहेरचा धडा. आर्मेनी नावाचे लोक होते. तुर्कांच्या राज्यात राहायचे. सुतार, सोनार, शेतकरी, दुकानदार, मास्तर. आपल्यासारखे. एका वर्षी तिथल्या सरकारनं ठरवलं, हे लोक नकोत."

एका पोरानं विचारलं, "नकोत म्हंजे, गुरुजी?"

"नकोत म्हणजे शिल्लकच नकोत. म्हातारे नकोत, पाळण्यातली नकोत."

मी बाराखडी घेत होते. खडू हातात तसाच राहिला. अण्णा सांगत होते, वेढ्यातली फौज शरण गेली तेव्हा ते तुर्कांच्या हाती कैदी म्हणून सापडले आणि कैद्यांना चालवत चालवत वर नेलं. शेकडो कोस. वाटेत गावं लागायची. घरं जागच्या जागी, चुली जागच्या जागी, माणूस एक नाही. एका गावात तहान लागली म्हणून त्यांनी विहिरीत पोहरा सोडला.

"पोहरा पाण्याला लागलाच नाही."

"हीर आटली हुती व्हय, गुरुजी?"

"नाही," अण्णा म्हणाले, "भरली होती."

क्षणभर मला अर्थ लागला नाही. आणि मग लागला. समोर साठ पोरं 'क का कि की' म्हणत होती आणि मी टेबलाला धरून उभी होते. देवा, हे काय चाललं आहे? दहा-दहा वर्षांच्या लेकरांना हा माणूस हे काय सांगतो आहे? मी अजून सावरते आहे तोच पलीकडे वर्ग डुलायला लागला. अण्णांनी तेही पाढ्यावर बसवलं होतं.

"एक, यादी होते. दोन, हत्यारं जातात. तीन, बापये जातात. चार, बायकापोरं वाटेला लागतात. पाच, घरं दुसऱ्यांची होतात."

पस्तीस पोरांचा खणखणीत आवाज, बे एकं बे म्हणावं तसा.

शाळा सुटल्यावर मी त्यांना अंगणातच गाठलं. मी काही कुणाची भीड ठेवणारी नव्हे. म्हटलं, "अण्णा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? दहा वर्षांची पोरं ती!"

ते कोटावरचा खडू झटकत होते. म्हणाले, "तितं मेली ती किती वर्सांची हुती, आक्का?"

मग ते म्हणाले, आणि हे त्यांचं म्हणणं नीट ऐकून ठेवा, कारण त्यावर त्यांनी आपली नोकरी लावली होती: "ज्याला ठावं हाय, त्याच्या हातनं हुईत न्हाय. न कळणारी माणसंच असलं करत्यात. माझ्या हाताखालनं गेलेलं एक पोरगं जरी उद्या कुटं 'न्हाय' म्हनलं, तरी मी तितनं जगून आल्याचं काय तरी झालं, असं म्हनीन. न्हाय तर कशाला आलो?"

"बरं, सांगा. पण त्याचा पाढा कशाला करता?"

"पाठ न्हाय ते आपलं न्हाय."

झालं, पुढे काय बोलणार! पण आठच दिवसांत माझं बोलणं खरं झालं. तट्ट्यातून ऐकून ऐकून माझ्या बिगरीलाही ते पाठ झालं होतं. मधल्या सुट्टीत बघते तर सहा-सहा वर्षांची चिल्लीपिल्ली लिंबाखाली खेळतायत. एक पोरगी पाटी घेऊन बसलेली, बाकीची रांगेत. ती एकेकाचं नाव विचारून पाटीवर रेघ ओढायची आणि नाव सांगून झालं की ते पोर खिदळत पडवीच्या टोकाला पळायचं. मी विचारलं, "काय गं खेळता?" ती म्हणाली, "यादी-यादी, बाई. ज्याचं नाव लिवलं त्यो मेला."

मी तिची पाटी हिसकावून घेतली. पोर रडायला लागलं, आणि खरं सांगते, मीही रडले. तशीच पाटी घेऊन अण्णांच्या टेबलावर आपटली. "हे बघा तुमचं शिकवणं! ह्यांना भीती वाटत नाही, ह्यांना मजा वाटते!" अण्णांनी पाटीवरच्या रेघा बघितल्या. बराच वेळ बघितल्या. मग कोटाच्या बाहीनं पुसल्या आणि म्हणाले, "ल्हान हाईत. मोठी झाली की कळंल." तेवढ्यावर विषय संपला. मला तेव्हाच भांडायला हवं होतं. मी भांडले नाही, ही माझी चूक, आणि तिची बोच मला अजून आहे.

दुसऱ्या वर्षी नदाफ आले. गावात कापूस पिंजणारे ते एकटेच. त्यांचा मुलगा चौथीत होता. पिंजायची कमान खांद्यावर तशीच ठेवून दारात उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, पोरगं घरात येऊन सांगतंय, तुर्कांनी अशी माणसं मारली, तशी मारली. तुर्क म्हंजे आमच्याच धर्माचं. त्यांच्या बादशहासाठनं आमी मशिदीत दुवा मागितलीया. असलं शिकिवल्यावर उद्या बाकीची पोरं माझ्या पोराला काय म्हंतील?"

मला वाटलं, आता होणार काहीतरी. अण्णा उठले, नदाफांची कमान खांद्यावरून स्वतः उतरवून घेतली, भिंतीला टेकवून ठेवली. "मारली हे खरं हाय, नदाफ. आन चालता चालता मी पडलो तवा मला ताक पाजून उठीवली ती म्हातारीबी नमाज पढणारी हुती. तिनं चुलीमागं एक आर्मेनी पोरगी लपिवलीती. तिचा जीव जाईल, तरी लपिवलीती. मी दोनी सांगतो. उद्या परत सांगणार हाय. या, बसा, ऐका. एक अक्षर वाईट वाटलं तर मधीच गप करा मला."

नदाफ दुसऱ्या दिवशी आले, उंबऱ्यात बसले, अख्खा धडा ऐकला. मध्ये एकदा टोपी काढून डोळे पुसले. शेवटी उठताना म्हणाले, "मास्तर, मारणाऱ्याचं सांगिटलासा, लपिवणारीचं सांगिटलासा. यादी कुनी लिवली, ते न्हाय सांगिटलासा. माझ्या मतानं त्यो खरा हरामखोर."

"कुनीतरी लिवता-वाचता असंल," अण्णा म्हणाले. "ठावं न्हाय."

मी तट्ट्याच्या फटीतून बघत होते. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

मग आले दिपोटी. शाळा तपासायला दिपोटी येणार म्हणजे गावात लग्न असल्यासारखं. आठ दिवस सारवण, पताका, पोरांना स्वच्छ टोप्या. आमचे दिपोटीसाहेब संकेश्वरहून टांग्यानं आले, चौथीत गेले आणि त्यांनी मोठ्या कौतुकानं विचारलं, "महायुद्धाचं काय माहीत आहे, सांगा पाहू." त्यांना हवं होतं, इंग्रज बादशहांचा विजय झाला. पहिल्या रांगेतला शंकर उठला. शंकर म्हणजे अण्णांचा हिरा. एकदा ऐकलं की पाठ. तो खड्या आवाजात म्हणाला, "एक, यादी होते!" आणि त्यानं सुरू केल्यावर सवयीनं अख्खा वर्ग डुलायला लागला. पाचव्या ओळीपर्यंत. दिपोटींनी पाण्याचा पेला हातातून खाली ठेवला.

"हे कुठल्या पुस्तकात आहे, मास्तर?"

"पुस्तकात न्हाय, साहेब. म्हणूनच शिकवतो."

शेरेबुकात शेरा आला की हे शिक्षण मुलांच्या मनावर वाईट परिणाम करणारं आहे, आणि पुन्हा असं आढळलं तर मास्तरांना कामावरून दूर करण्यात यावं. अण्णांनी खाली सही केली. मी म्हटलं, "झालं ना आता? सोडा तो हट्ट. घरी तीन मुली आहेत तुमच्या." पुढच्या वर्षी दिवाळीनंतर बघते तर तट्ट्यापलीकडून पुन्हा तो सावकाश आवाज! मी कपाळाला हात लावला आणि बिगरीला खेळायला सोडून संकेश्वरच्या रस्त्याकडे तोंड करून अंगणात उभी राहिले, टांगा दिसला तर ओरडायला. त्यानंतर दर वर्षी तो एक दिवस मी पहारा केला. धडा मला पटलेला नव्हता. पण त्या माणसाची नोकरी जाऊ नये असं मनापासून वाटायचं. टांगा त्या दिवशी कधी आला नाही, एवढं आमचं नशीब.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मग ते सत्तेचाळीस साल आलं. झेंडा लागायचा होता, आनंद होता, आणि त्याच वेळी उत्तरेकडून एकेक बातमी यायची ती ऐकवत नव्हती. निपाणीहून येणारा प्रत्येक गाडीवान नवं काहीतरी आणायचा. खरं किती, खोटं किती, देव जाणे. आमच्या गावात मुसलमानांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शेजारी शेजारी जन्म गेलेला. तरी त्या दिवसांत लोक एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवायला लागले होते. नदाफांच्या कमानीचा आवाज येईनासा झाला.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि शंकर आला. तोच. आता बावीस-तेवीसचा, तंबाखूच्या वखारीत कारकून, गावातल्या तरुण पोरांचा पुढारी. बरोबर दोघे. तिघेही अण्णांचेच विद्यार्थी. तिघांनीही अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं, मलाही नमस्कार केला. मी गुळाचा खडा द्यायला डबा शोधत होते.

"गुरुजी, एक काम हुतं," शंकर म्हणाला. "शाळेचं जनरल रजिस्टर घटकाभर पायजे हुतं. हितंच बसून उतरून घेतो."

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची नोंद. बापाचं नाव, जात, धर्म, कुठल्या गल्लीतलं घर. पंचवीस-तीस वर्षांचं सगळं गाव त्यात होतं.

"कशाला रं?"

"त्यांची घरं किती, घरात बापये किती, पोरं कुटं कुटं असत्यात, येवढंच लिवून घ्यायचं."

मी डबा खाली ठेवला. अण्णा म्हणाले, "शंकर, आपल्या गावात कुनी कुनाला काय केलंय काय?"

"न्हाय केलं अजून. पण करायच्या आत आपुन तयार पायजे, गुरुजी." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला भीती वाटत होती, खरीखुरी. ओठ सुकले होते पोराचे. "त्यांनी आपली करायच्या आदी आपुन त्यांची करायला पायजे. तुमीच शिकिवलंसा न्हवं? एक, यादी होते. मग हत्यारं. मला अजून समदं पाठ हाय. यादीबिगर काय बी हुईत न्हाय, ह्ये तुमच्यामुळंच ठावं झालं आमास्नी."

बरोबरच्या दोघांनी मान हलवली. त्यांनाही पाठ होतं.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बघितलं. नवऱ्याला चितेवर बघितलं. पण त्या क्षणी बसला तसा धक्का मला कधी बसला नाही. आणि अण्णा! त्यांचा चेहरा मला सांगता येणार नाही. फळ्याजवळच्या खुर्चीवर ते बसले नाहीत, पडले. शंकर गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. आपलं काय चुकलं ते त्याला खरंच कळत नव्हतं.

मग अण्णा बोलले. "नदाफांनी मला एकदा इचारलं हुतं, यादी कुनी लिवली म्हून. मी म्हनलं, ठावं न्हाय. खोटं बोललो." ते थांबले. "मी लिवली."

"काय, गुरुजी?"

"मी लिवली, शंकर. आमास्नी कैद्यास्नी डोंगरात रेल्वेच्या कामावर घातलं. तितं आर्मेनी मजूर हुतं, बायकापोरांसकट, तंबूत. कामावर हाईत तवर जगत हुतं. मला थोडं विंग्रजी लिवाय यायचं. तुर्कांचा एक विंग्रजी कळणारा अंमलदार आला, म्हनला, ह्या तंबूतली समदी नावं लिव, भाकरी वाटायची हाय. मला आनंद झाला. तंबूतंबूत गेलो. पोरं माझ्या मागनं नाचत हुती, माझंबी नाव लिवा म्हून. एक बाई पाठीमागनं पळत आली, तिचं तानं पोर माझ्याकडनं ऱ्हाऊन गेलं हुतं. त्याचंबी लिवलं. दोन दिवस लिवत हुतो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती यादी वाचून एकेकाला भायेर काढलं आन डोंगरापलीकडं नेलं. तंबू मोकळं झालं. त्यांच्या जागी कामाला आमास्नी उभं केलं."

तेरा वर्षं तट्ट्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हा माणूस, आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"तुमी मुद्दाम न्हवतं केलं, गुरुजी," शंकर कसाबसा म्हणाला.

"तूबी मुद्दाम न्हाय करायला लागलास. भ्या वाटतंय म्हून करतोयास. पर एकदा लिवलेली यादी तुझ्या हातात ऱ्हात न्हाय, बाबा. कुनी नेली, कुनी वाचली, तुला इचारणार न्हाईत." अण्णा उठले. कपाटाला कुलूप होतं, किल्ली जानव्याला बांधावी तशी त्यांच्या करगोट्याला असायची. ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले. "रजिस्टर हितं हाय. मला बाजूला करून घ्यावं लागंल. तिघं हाईसा, मी म्हातारा हाय. अवघड न्हाय."

तिघांपैकी कुणीच हललं नाही. शंकर खाली बघत होता. मग त्यानं हुंदका दिला की खोकला, ते मला कळलं नाही. तोंडावर उपरणं धरून तो निघून गेला. मागोमाग दुसरे दोघे. जाताना पाया पडायचं विसरले.

अण्णा मला म्हणाले, "आक्का, तुमी पयल्या वर्सालाच सांगिटलं हुतं, पाढा करू नका. मी ऐकलं न्हाय. कसं करत्यात तेवढंच मी पोरास्नी पाठ करून दिलं. आन माझं तेवढं झाकून ठेवलं."

मी त्यांची समजूत घालायला हवी होती. मी म्हटलं, "घरी चला, अण्णा. ऊन झालंय."

आमच्या गावात पुढे काही झालं नाही. शंकरमुळे झालं नाही, अण्णांमुळे, का गावातली म्हातारी माणसं शहाणी होती म्हणून, ह्यावर मी शपथ घेणार नाही. नदाफांची कमान पुन्हा ऐकू यायला लागली एवढं खरं. शंकर मला रस्त्यात दिसला की बाजूच्या बोळात शिरायचा.

सोमवारी शाळा भरली. दिवाळी लांब होती, तरी अण्णांनी चौथीला सांगितलं, "आज पुस्तकाबाहेरचा धडा." मी रस्त्यावर पहारा करायला गेले नाही. बिगरीला पाटीवर गिरवायला लावलं आणि तट्ट्याला वळसा घालून सरळ त्यांच्या वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले. ह्या वेळी ते पुस्तकी बोलले नाहीत. गावच्या बोलीत, पोरांच्या समोर खाली जमिनीवर बसून, पहिल्या शब्दापासून स्वतःचं सांगितलं. तंबू, मागे नाचणारी पोरं, ते तान्हं, सगळं. "ती यादी मी लिवली" असं म्हणताना त्यांनी पोरांच्या डोळ्याला डोळा दिला होता.

धडा संपला. पोरांनी वरच्या वर्गातल्या भावंडांकडून ऐकलेलं होतं, की शेवटी पाढा असतो. ती मांडी सावरून, डुलायच्या तयारीनं बसली. अण्णांनी पाढा घेतला नाही.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. त्या वर्षी चौथीत दोनच मुली होत्या. ही वखारीत कामाला जाणाऱ्या बाईची, फारशी हुशार नव्हे, कधी तोंड उघडायची नाही. म्हणाली, "गुरुजी, ह्या यादीचं काय करणार हाईसा, असं तुमी त्या अंमलदाराला इचारलं न्हाई व्हय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या वर्गात कुणी विचारला नव्हता. विचारणार तरी कसं? पाढ्यात तो नव्हताच.

अण्णांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "न्हाय इचारलं, बाळ," ते म्हणाले. "माझं समदं ध्यान अक्षर चांगलं यावं हिकडंच हुतं."